वागळे इस्टेटमधलं लेथचं वर्कशॉप आणि आमच्या बारा इंची दुर्बिणीची बैठक

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर १६ च्या आतल्या गल्लीत, चहाच्या टपरीला लागून हे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक वेल्डिंग सेट आणि दारातच लोखंडाचा ढीग. २०२५ ची दिवाळी झाल्यावर पाच आठवडे मी इथे येत-जात होते. काम होतं बारा इंची दुर्बिणीच्या माउंटचं, म्हणजे दुर्बीण जिच्यावर टेकते आणि फिरते त्या बैठकीचं. काम फार चांगलं झालं. सांगितलेल्या वेळेपेक्षा तीन आठवडे उशिरा झालं. दोन्ही गोष्टी सविस्तर सांगते, कारण आरसा हौसेने घासून ठेवलाय आणि बैठकीपाशी गाडी अडलीय असे दोन-तीन जण माझ्याच ओळखीत आहेत.

आरसा बाबांनी घासलेला आहे. ते ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत, गच्चीच्या जिन्याखाली पाण्याने भरलेलं पिंप ठेवून त्याच्याभोवती फिरत फिरत त्यांनी आठ महिने काच घासली. आधी कार्बोरंडमची भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडचं पॉलिश. व्यास ३०० मिलिमीटर, नाभीय अंतर १५०० मिलिमीटर. अशा आरशावरून परतणाऱ्या प्रकाशलहरीतली चूक हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाच्या आत ठेवायची असते. मिलिमीटरचे सात हजार भाग केले तर त्यातला एक, एवढीच सूट. बाबांनी ती हाताने साधली. आता ते ७६ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, वाकणं जमत नाही. त्यांना स्वतःच्या आरशातून सरळ उभं राहून, चित्र न हलता बघता यावं, एवढंच मला हवं होतं.

पहिली बैठक आम्ही एका ओळखीच्या सुताराकडून करून घेतली होती. बारा मिलिमीटरचा साधा प्लाय, चार पाय, बरेचसे सांधे खिळ्यांवर. उन्हाळ्यात ठीक वाटली. जुलैत प्लाय फुगला, नळी एका बाजूला घासायला लागली, आणि गणपतीच्या सुमारास खालच्या फळीचे पापुद्रे सुटले. पण त्याआधीसुद्धा ती हलायचीच. नळीचं तोंड आरशापासून दीड मीटरवर आहे. ते एक मिलिमीटर हललं की आकाशात १३७ आर्कसेकंदांचा फरक पडतो (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). गुरूचं बिंब मोठ्यात मोठं ५० आर्कसेकंदांचं. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या त्या मिलिमीटरभर थरथरीत गुरू स्वतःच्या जवळजवळ तिप्पट अंतर उडी मारतो. आम्ही नळीवर थाप मारून चित्र स्थिर व्हायला लागणारे सेकंद मोजायचो. सहा ते सात सेकंद. दीडशे पट वर्धनाला ग्रह सव्वा मिनिटात दृष्टिक्षेत्रातून निघून जातो, त्यामुळे नळी सारखी ढकलावी लागते, आणि प्रत्येक ढकलीनंतर ते सात सेकंद. बाबा दोन-तीनदा बघायचे आणि "राहू दे" म्हणून खुर्चीत जाऊन बसायचे. ते मला बघवत नसे.

नवीन बैठक डॉब्सन पद्धतीचीच करायची हे ठरलेलं होतं. बाबांच्या मनात एके काळी विषुववृत्तीय माउंट होतं, पण ठाण्याचा अक्षांश १९ अंश. त्या माउंटचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे, म्हणजे इथे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर रोखावा लागतो. चोवीस किलोची नळी अशा जवळजवळ आडव्या दांड्याच्या टोकाला तोलून धरायची तर खालचं लोखंड किती लागेल आणि ते चार जिने कोण चढवेल! आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. डॉब्सनची बैठक म्हणजे लाकडी पेटी. नळीच्या दोन बाजूंना दोन चकत्या, त्या पेटीच्या कडांवरच्या टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकलेल्या, म्हणजे नळी वर-खाली फिरते. सगळी पेटी आणखी तीन टेफ्लॉनच्या तुकड्यांवर गोल फिरते. जॉन डॉब्सन हे १९१५ साली जन्मलेले गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात साधू होते, मिळेल त्या काचा घासून दुर्बिणी करायचे आणि रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचे. २०१४ साली ते गेले. वर्कशॉपच्या मालकांना मी हे सांगितलं तेव्हा "रामकृष्णांच्या मठातला माणूस?" असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि मग पोराला चहा सांगितला.

आता वर्कशॉपबद्दल. त्याआधी मी तीन ठिकाणी जाऊन आले होते. एकाने ड्रॉइंग न उघडताच आकडा सांगितला, दुसऱ्याने "एक-दोन पीस आम्ही करत नाही" म्हटलं, तिसऱ्याकडे दोन चकरा मारूनही मालक भेटले नाहीत. इथे मालकांनी आधी हात पुसले, मग बाबांचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं, चारही कोपऱ्यांवर नट ठेवले, आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, वर वजन किती बसणार?" पैशांचं बोलणं तिसऱ्या भेटीत झालं. बाबांनी ड्रॉइंग अर्ध्या इम्पीरियल शीटवर पेन्सिलने काढलेलं होतं, तीन बाजूंनी दृश्य, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. दादा, म्हणजे हे मालक, बराच वेळ बोट फिरवत बघत राहिले. म्हणाले, "असं हाताचं ड्रॉइंग बऱ्याच वर्षांनी बघतोय. मूळ घरी न्या, मला झेरॉक्स द्या. इथे तेल लागेल."

दुसरा प्रश्न होता, "ही बाजूची फळी एवढी उंच कशाला?" मी सांगितलं, नळीचा तोल ज्या बिंदूवर साधतो तिथे चकत्या बसतात, तो बिंदू तळापासून ५६० मिलिमीटरवर आहे, नळी उभी केली की तिचा तळ पेटीच्या बुडाला लागायला नको, म्हणून फळ्या तेवढ्या उंच. त्यावर त्यांनी मला लेथपाशी नेलं. टूल-पोस्टमधून, म्हणजे धातू कापणारं टूल जिथे आवळतात तिथून, टूल जवळजवळ दोन इंच बाहेर काढलं, एका भंगार तुकड्यावर कट घेतला. किंचाळल्यासारखा आवाज आला आणि तुकड्यावर बारीक लाटा उमटल्या. मग टूल अर्धा इंच बाहेर ठेवून तोच कट. पृष्ठभाग आरशासारखा. "तुमची फळी म्हणजे हे टूल. जितकी बाहेर, तितकं चॅटर, तितकी थरथर."

मी ज्युनियर कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. दांड्याचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं हे सूत्र किती वर्षं फळ्यावर लिहितेय, पण हाताशी असलेल्या टूलने दोन मिनिटांत ते असं कोणी दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं. यंदा बारावीच्या दोन तुकड्यांना मी टूलचीच गोष्ट सांगितली.

तोडगाही त्यांनीच सुचवला: तोल बिंदू खाली आणा, म्हणजे फळ्या आखूड होतील. बाबांनी रात्री हिशेब मांडला. आरशाच्या मागे तीन किलोची लोखंडी चकती लावली तर बिंदू सहा सेंटिमीटर खाली सरकतो. वजन वाढवून बैठक ताठ होते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. शिवाय प्लाय १८ मिलिमीटरचा, मरीन, आयएस ७१० शिक्का असलेलाच घ्या असं त्यांनी बजावलं. जाडी दीडपट झाली की ताठपणा सव्वातीन पटीहून जास्त होतो, इथेही घनाचंच गणित. आणि पेटीची समोरची फळी, जी आम्ही वजन वाचवायला अर्धीच ठेवली होती, ती त्यांनी पूर्ण उंचीची करायला लावली. ती नसेल तर दोन बाजू समांतरभुज चौकोनासारख्या एकमेकींबरोबर कलतात.

एका मुद्द्यावर मात्र मला वाद घालावा लागला. त्यांना खाली थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे वरचं वजन पेलत फिरणारं बॉल बेअरिंग, टाकायचं होतं. "बोटाने फिरेल मॅडम, मक्खन!" बोटाने फिरायलाच नको होतं. बॉल बेअरिंगवरची दुर्बीण वाऱ्याने फिरते, जड आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावली की मान टाकते. हवं असतं ते असं घर्षण की सोडली तिथे थांबेल, आणि ढकलली की धक्का न बसता निघेल. खरबरीत सनमायका आणि टेफ्लॉन या जोडीत सुरू होतानाचं आणि चालतानाचं घर्षण जवळजवळ सारखं असतं, म्हणून ती जोडी. हे सांगून झाल्यावर ते क्षणभर गप्प राहिले, मग लेथच्या क्रॉस-स्लाइडचं, म्हणजे टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचं, हँडल फिरवून म्हणाले, "म्हणजे स्लाइड घट्ट धरणारी गिबची पट्टी जरा कसलेली ठेवतो तसं. ढिली ठेवली तर स्लाइड आपोआप सरकते." अगदी तसंच. बेअरिंगचा विषय तिथे संपला.

सनमायका आणि टेफ्लॉन मी स्वतः आणलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला स्प्रिंग काटा पिशवीत घालून स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले आणि सहा नमुन्यांवर टेफ्लॉनचा तुकडा वजनासकट ओढून बघितला. गुळगुळीत चकचकीत सनमायकावर सुटताना काटा उडी मारत होता. बारीक दाणेदार पृष्ठभागावर जवळपास हललाच नाही. दुकानदारांनी एवढा वेळ काउंटर वापरू दिला याबद्दल त्यांचेही आभार. टेफ्लॉन पाच मिलिमीटर जाडीचं घेतलं. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब यावा असा आडाखा असतो. नळी आणि पेटी मिळून ४१ किलो, ती तीन तुकड्यांवर, म्हणून प्रत्येक तुकडा ३७ मिलिमीटर चौरस कापला. स्क्रूची डोकी टेफ्लॉनच्या पृष्ठभागाच्या पुरेशी खाली बसवायला विसरू नका, नाहीतर सनमायका खरवडली जाते.

ज्या दिवशी नळीच्या बाजूच्या चकत्या केल्या तो दिवस मी सुट्टी टाकून तिथे थांबले. प्लायचे दोन थर चिकटवून ३६ मिलिमीटर जाडीचे दोन गोल सुताराने ओबडधोबड कापून दिलेले होते. लाकूड या लेथवर आधी कधी चढलं नव्हतं. लाकडाचा भुसा तेल शोषतो आणि बेडला गंज धरतो म्हणून दादांनी आधी सगळ्या बेडवर प्लास्टिक आणि वर्तमानपत्रं अंथरली. दोन्ही गोल एकाच दांड्यावर शेजारी-शेजारी घट्ट आवळून फेसप्लेटला, म्हणजे लेथच्या फिरत्या तबकडीला, बांधले, म्हणजे दोघांचा व्यास वेगळा येण्याचा प्रश्नच नाही. बेडवर एवढा व्यास बसत नव्हता, बेडमधला सुटा होणारा गॅपचा तुकडा काढावा लागला. पहिल्या कटला प्लायच्या कडेचे पापुद्रे उडाले. मशीन बंद. कडेला पातळ केलेलं फेविकॉल पाजून ते रात्रभर वाळू दिलं आणि दुसऱ्या दिवशी दाढीच्या ब्लेडसारखं टूल घासून घेतलं. मग भुगा बारीक, पिवळसर, धुरासारखा उडायला लागला. ३०० मिलिमीटरवर थांबले, पॉलिश पेपर फिरवला, आणि गोलाई तपासायचं डायल गेज टेकवलं. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पूर्ण फेऱ्यात काटा सात घरं हलला. लाकडाच्या कामाला! मी फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "परत एकदा बघायला सांग." परत बघितलं, सातच.

खालची चौकट लोखंडाची, ५० बाय ५० च्या चौकोनी पाइपाची, तीन हातांची. चार पाय त्यांनी ऐकूनच घेतले नाहीत. "चौथा पाय कायम हवेत असतो." टेफ्लॉनचे तीन तुकडे बरोबर तीन पायांच्या डोक्यावर येतात, त्यामुळे वजन सरळ जमिनीत उतरतं आणि मधला भाग वाकायला कारणच उरत नाही. मध्ये गनमेटलचा बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, आणि त्यात वीस मिलिमीटरचा पिन. पहिली चौकट वेल्डिंगच्या उष्णतेने ओढली गेली, एक हात दोन मिलिमीटर वर आला. मी म्हटलं, तीनच टेकू आहेत, बसेल की. ते तयार झाले नाहीत. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या लादीवर, ठेवून फट मोजायच्या पातळ पात्या (फीलर गेज) घालून दाखवलं की टेफ्लॉनचा तुकडा एका कडेवरच टेकणार. वेल्ड कापलं, पुन्हा टाके मारले, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने, आणि गार होऊ देत देत पूर्ण केलं. या दुसऱ्या वेळच्या कामाचे पैसे घेतले नाहीत. शेवटी पाइपात वाळवलेली बारीक वाळू भरून तोंडं बंद केली, साधारण अडीच किलो. आधी चौकटीला हातोडी लावली की घंटेसारखी घुमायची. वाळू भरल्यावर नुसता "ठक्".

आता तक्रारी. दोन आठवडे सांगून पाच आठवडे लागले, आणि मधल्या दहा दिवसांत काम पुढे सरकलंच नाही कारण एका कंपनीची मोठी ऑर्डर आली होती. हे फोन करून सांगितलं असतं तर माझ्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. लोखंडाला रेड ऑक्साइड मारताना घाई केली, रंगाचे ओघळ तसेच राहिले. मी घरी घासून पुन्हा ऑइल पेंट दिला. पावसाळ्यात इथली हवा लोखंडाला किती खाते ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा रंगाचं काम वेगळं सांगून, समोर उभं राहून करून घ्या. आणि बायकांना जायला स्वच्छतागृह नाही. चार तास थांबणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आणि उद्या तिथे कामाला येणाऱ्या एखाद्या मुलीसाठीही, ते असायला हवं. हे मी मालकांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं गच्चीवर चढलं. पेटी १४ किलो, एक माणूस नेऊ शकतो. चौकट दुसऱ्याने घेतली. नळी दोघांनी. संध्याकाळी दादा आणि त्यांचा हेल्पर दोघंही आले, स्वतःहून. शनी आधी लावला. या मोसमात त्याची कडी आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत होती, चेंडूतून आरपार गेलेल्या सुईसारखी सरळ रेघ. जुन्या बैठकीवर ती रेघ दिसलीच नव्हती, हलताना पुसून जायची. दादांनी डोळा लावला, मग डोळा न काढता नळीवर हलकी थाप मारली. मी स्टॉपवॉच धरला होता. एक सेकंदसुद्धा पूर्ण झाला नाही. त्यांनी पुन्हा मारली, जरा जोरात. तेवढाच.

रात्री मृग वर आल्यावर बाबांनी तेजोमेघातल्या चौकडीवर नळी नेली. ठाण्याचं आकाश उजळ असतं, मेघ फिकटच दिसतो, पण त्यातले चार तारे टाचणीने टोचल्यासारखे होते. बाबा सरळ उभे होते, आयपीस साधारण साडेचार फुटांवर, एका बोटाने नळी सरकवत. दहा-बारा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाचवा आहे." चौकडीच्या शेजारचा तो मंद पाचवा तारा. मलाही दिसला. हवा स्थिर आणि नळी स्थिर, दोन्ही जमलं की दिसतो. हा आरसा होऊन चार वर्षं झाली, तो तारा त्यात कायमच येत असणार. त्या रात्री बाबा साडेबारापर्यंत गच्चीवर होते, खुर्ची रिकामीच होती.

खर्च असा आला: वर्कशॉपचं काम बिलासकट साडेनऊ हजार, मरीन प्लायची एक शीट चार हजार दोनशे, सनमायका आणि टेफ्लॉन मिळून अठराशे, सुताराची कापणी हजार, टेम्पो सातशे.

वर्कशॉप शुक्रवारी बंद असतं. सकाळी अकराच्या आधी गेलात तर मालक निवांत बोलतात. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये न्या, नळीचं वजन काट्यावर करून न्या आणि तोल बिंदूवर पेन्सिलने खूण करून न्या. बाबांच्या ड्रॉइंगची झेरॉक्स दुसऱ्या लेथच्या मागच्या भिंतीवर चिकटवलेली आहे. बारा इंची आरसा असणाऱ्या कोणीही ती मागावी, बाबांची परवानगी आहे. फक्त त्यावर बाजूच्या फळीची उंची जुनीच आहे. लाल पेनने खोडून लिहिलेलं माप धरा.